गिरणीतली हजेरी

माझ्या नवऱ्याची शुश्रूषा करायला जो माणूस आमच्या घरी यायचा, त्याची हजेरी काही महिने पिठाच्या गिरणीत लागत होती. सकाळी आधी गिरणी, मग घर. संध्याकाळी आधी घर, मग गिरणी. सोसायटीतल्या एकीने मला लिफ्टपाशी गाठून विचारलं, "तुमचा तो माणूस गिरणीतही कामाला असतो का हो?" मी म्हटलं, "हो, दळण टाकतो आणि ते पडेपर्यंत पेशंट बघून जातो." तिने ते खरं मानलं आणि मीही खुलासा केला नाही. रिकाम्या चौकशांना मी शाळेत नोकरीला होते तेव्हाही उत्तरं देत नसे.

मुळात चूक माझी. पण त्या चुकीबद्दल मला तसूभरही वाईट वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायला बसले आहे.

हे पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये होते. ऑपरेटर म्हणून लागले, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्तीनंतर आम्ही मोशीत फ्लॅट घेतला. मला तिथली हवा आवडली होती. यांना आवडलं ते हे, की बुद्धविहार चालत जाण्याच्या अंतरावर होता आणि कंपनीतले चार जुने सोबती आसपासच राहायला आले होते. रोज सकाळी नाश्ता झाला की विहाराबाहेरच्या बाकावर यांची बैठक बसायची. बंद पडलेल्या कंपन्या, युनियनची जुनी भांडणं, कोणाचा मुलगा हिंजवडीला लागला आणि कोणाच्या सुनेला कंपनीची गाडी न्यायला येते, असं सगळं तिथे चालायचं. घरी येईपर्यंत यांचा आवाज बसलेला असायचा, इतकं बोलायचे.

मग एका सकाळी दाढी करता करता यांच्या हातातला ब्रश गळून पडला. पॅरालिसिस. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. हळूहळू पायात थोडी ताकद आली, बोलणंही तुटक का होईना सुटलं. पण माणूस घराबाहेर पडेना. सोबती भेटायला आले की हे भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. ते चौघे चहा प्यायचे, माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे, यांच्या पाठीकडे बघायचे आणि उठायचे. पुढे पुढे तेही यायचे थांबले. त्यांना तरी किती दिवस पाठ बघायला बोलवायचं?

व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाला, "काकू, घरातल्या घरात फिरून आता भागणार नाही. बाहेर नाही पडले तर आलेली ताकदही जाईल." मी हे यांना जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, "न्हाई." शहरात उभा जन्म गेला तरी यांचा मावळातला 'न्हाई' गेला नव्हता, आणि पॅरालिसिसलाही तो नेता आला नाही.

मला एकटीला यांना उठवणं, आंघोळ घालणं झेपेना, तेव्हा मी घरी माणूस पाठवणाऱ्या एका एजन्सीकडे नाव घातलं. तिथल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी गिरणीत उभी होते. डबा ठेवून घरी जाणाऱ्या बायकांतली मी नव्हे. आपल्या आधी कुणाची बाजरी पडली असेल तर तिचं उरलंसुरलं पीठ आपल्या गव्हात येतं आणि पोळ्या काळपट होतात. म्हणून आधीचं दळण गव्हाचंच आहे ना, यावर डोळा ठेवून मी उभी असते. मुलगी म्हणाली, "मॅडम, लोकेशन पाठवा." त्या घरघराटात मी डाव्या हाताने कान झाकला, उजव्या हाताने बटण दाबलं आणि पाठवलं. आपण पाठवतोय ते आपण उभ्या आहोत त्या जागेचं, घराचं नव्हे, हे डोक्यातच आलं नाही. गहू मात्र गव्हावरच दळून आणला.

दोन दिवसांनी माणूस आला. चाळिशीचा, उंच, मूळचा परभणीकडचा. आधी चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपल्यावर त्याने रुग्णसेवेचा कोर्स केला होता. "जय भीम काका," म्हणून तो यांच्या पायांशी वाकला. एजन्सीची सूचना होती की त्याला 'ब्रदर' म्हणायचं. मी त्याचं लगेच मराठी करून 'भाऊ' केलं.

भाऊने चपला काढल्या, मोबाईल काढला आणि तोंडापुढे धरला. मग गॅलरीत गेला. मग जिन्यात. परत आला तेव्हा कपाळाला घाम होता. "काकू, हे हजेरी घीनाच बगा. म्हणायलंय, तुमी कामाच्या जागेपासून लांब हायेत."

एजन्सीच्या ॲपमध्ये पेशंटच्या घराभोवती एक गोल आखलेला असतो. माणूस त्या गोलात उभा राहून चेहरा दाखवेल तरच त्याची हजेरी लागते. आमचा गोल कुठे आहे ते शोधत भाऊ खाली उतरला. पार्किंग, गेट, रस्त्यापलीकडचं मेडिकल असं करत करत गिरणीच्या पायरीवर गेला आणि मोबाईल टुणकन वाजला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

मी तावातावाने एजन्सीच्या त्या मुलीला फोन लावला. "पेशंट फ्लॅटमध्ये आहे, गिरणीत नाही," मी म्हटलं. "आणि माणसावर विश्वास नसेल तर पाठवता कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पत्ता बदलायची विनंती टाकली आहे, वेळ लागेल. विश्वासाचं म्हणाल, तर आधी आमच्याकडे असा गोल नव्हता. एका आजींकडच्या बाईंनी स्वतःच्या घरूनच हजेरी लावली. आजी दुपारपर्यंत पाण्यावाचून पडून होत्या." तिच्या जागी मी असते तर मीही गोलच आखला असता, आणि अंगठ्याएवढा आखला असता.

एवढ्यावर भागलं असतं तर ही हकीकत झालीच नसती. पण ॲपची आणखी एक खोड होती. दिवसात मधेच कधीतरी मोबाईल वाजायचा आणि पुन्हा चेहरा दाखवायला लागायचा, त्याच गोलात उभं राहून, थोड्या वेळाच्या आत. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा भाऊ यांना उकडलेला बटाटा भरवत होता. चमचा माझ्या हातात देऊन तो धावत सुटला. दुसऱ्या दिवशी यांना खुर्चीत बसवून पळाला. परत आला तेव्हा हे लाल झाले होते. इतक्या महिन्यांत मी यांना रागावलेलं बघितलं नव्हतं. रागवायलासुद्धा माणसात जीव लागतो.

"मशीन... चालू ठिवून," हे एकेक शब्द ओढत म्हणाले, "कुठं गेलता?"

मशीन शॉपचा हा पहिला कायदा. चालू मशीन सोडून ऑपरेटरने हलायचं नाही. लघवीला जायचं असलं तरी रिलीव्हरला हाक मारायची, त्याचा हात मशीनवर पडला की मगच पाऊल उचलायचं. या एका कायद्यापायी यांनी भल्याभल्यांना धारेवर धरलं होतं.

भाऊनेही कारखाना पाहिलेला. त्याने मान खाली घातली. "चुकलं काका. पण काकू हुत्या की इथं."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. "ती... रिलीव्हर न्हाई. तिला ट्रेनिंग न्हाई."

मला असा राग आला! "अहो, चाळीस वर्षं हे मशीन कोण चालवतंय मग? तेलपाणी कोणी केलं? तुमच्या कंपनीने?" भाऊ हसू दाबायला तोंडावर हात धरून उभा राहिला. यांनी मात्र माझ्याकडे लक्षच दिलं नाही, ते माझ्याकडे कधी देतात!

तिसऱ्या दिवशी मोबाईल वाजला. भाऊ जागचा हलला नाही. "काका, मी काय करू सांगा. हितं थांबलो तर गैरहजर. गेलो तर मशीन सोडल्यावानी."

यांनी त्या वाजणाऱ्या मोबाईलकडे पाहिलं. मग डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटून म्हणाले, "मग मशीन... घेऊन जा."

मला आधी कळलंच नाही. भाऊला कळलं. त्याने कोपऱ्यात धूळ खात पडलेली चाकांची खुर्ची ओढली, यांना तिच्यात बसवलं, पायांत चपला सरकवल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. सगळं इतक्या झटक्यात झालं की यांना 'न्हाई' म्हणायलाही सवड मिळाली नाही. मी गॅलरीत धावले. खाली गेटमधून खुर्ची बाहेर पडताना दिसली. यांनी मान छातीत खुपसली होती, पण डोक्यावर ऊन पडलं होतं. किती दिवसांनी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर ऊन पडलं होतं! मी गॅलरीच्या गजाला धरून रडले. समोरच्या इमारतीतून कोणी बघत असेल तर बघो.

गिरणी चालवणारी बाई जुन्या मोशीतली. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे तिच्या भावकीचे कांदे पिकायचे. तिने यांना पाहिलं, तोंड पाहिलं, खुर्ची पाहिली आणि पट्ट्याच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "दादा, नुस्ती हजेरी लावून जायचं न्हाई हितं. दळण कुठाय?" हे भाऊने मला वर आल्यावर सांगितलं. "मंग काका हसले बगा," तो म्हणाला. "वाकडं हसले, पण हसले." तिने कीव केली असती तर हे दुसऱ्या दिवशी गेले नसते, याची मला खात्री आहे. त्या बाईचे उपकार मी पैशात फेडू शकत नाही, म्हणून तेव्हापासून सणावाराची पहिली पुरणपोळी तिला जाते.

पुढे ते रोजचंच झालं. मोबाईल वाजायच्या आधीच हे चपला मागायचे. घंटी कधी होईल सांगता येत नाही, तेव्हा तयार राहिलेलं बरं, हा यांचा हिशेब. आधी खुर्चीत बसून, मग गेटपर्यंत काठी टेकत आणि पुढे खुर्चीत. खुर्ची सोबत ठेवायचेच, भरवसा नव्हता. येताना माझं दळण घेऊन यायचे. यांच्या भुवयांवर, मिशांवर पीठ बसलेलं असायचं आणि मी म्हणायचे, "आले, पिठाचे सुपरवायझर आले." गिरणीत बसून हे आता बाजरी आणि गव्हाचे नंबर लावायला लागले होते. "बाजरीवाले... मागं," एवढं यांना छान म्हणता यायचं. बायका ऐकायच्याही.

आणि मग एजन्सीतल्या त्या मुलीचा आनंदाने फोन आला, "मॅडम, तुमचं काम झालं! पेशंटच्या पलंगापाशी उभ्या राहून लोकेशन पाठवा." मी पाठवलं. इतके दिवस त्या बिचारीने किती ठिकाणी पाठपुरावा केला असेल, माझ्याने नको म्हणवेना. शिवाय वाटलं, आता सवय लागलीच आहे, हे जातीलच.

दुसऱ्या दिवशी मोबाईल वाजला. भाऊने बसल्या जागी चेहरा दाखवला आणि मोबाईल खिशात टाकला. हे चपला घालून दारात उभे होते. यांनी भाऊकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हळूहळू चपला काढल्या.

"अहो, जाऊन या ना. पाय मोकळे होतील."

"काम काय... तिथं?"

खरंच होतं. हा माणूस जन्मात पाय मोकळे करायला म्हणून कुठे गेला नव्हता. ड्युटी असली तर जायचं, नसली तर घरी. मी दळणाचं निमित्त काढलं, तर म्हणाले, "भाऊला... पाठव." चार-आठ दिवसांत हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. फिजिओथेरपिस्टने गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याची नजर चुकवली. बरोबर पत्त्याने माझं घर पुन्हा बंद झालं होतं, आणि तक्रार करायची तरी काय म्हणून? आमचा पत्ता परत चुकवा म्हणून?

ते भाऊने निस्तरलं. एका सकाळी तो दळणाचा डबा उचलून दारात उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "काका, मी दळण आणायला चाललोय. येतो घंटाभरात. तवर मशीन चालू राहील हितंच."

हे ताडकन वळले. "चालू मशीन... सोडून?"

"मंग काय करता? काकूला तर ट्रेनिंग न्हाई."

मी ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. यांनी काठी मागितली.

त्या दिवशी ते गिरणीत असताना मोबाईल वाजला. आता गोल घरी होता आणि भाऊ गिरणीत. चेहरा दाखवूनही ॲपने त्याला 'जागेवर नाही' असं नोंदवलं. भाऊला हे आधीच ठाऊक होतं. असं पुन्हा पुन्हा झालं की त्याला आमच्याकडून काढतील आणि दुसरीकडे काम मिळणंही कठीण, हेही ठाऊक होतं. तरी तो रोज डबा उचलत राहिला आणि मला यातलं अवाक्षर बोलला नाही. मला कळलं ते त्या मुलीच्या फोनवरून. मी तिला सगळं सांगितलं, ड्युटीपासून मशीनपर्यंत. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मला पटतंय. पण आमच्या मशीनला पटत नाही. मला एकदा न सांगता येऊन बघावं लागेल. मग मी काय ते लिहीन."

संध्याकाळी मी भाऊला दटावलं, "अरे बाबा, स्वतःच्या पोटावर पाय आणून कशाला करतोस हे?" तो भांडी विसळत होता. "काकू, मला काका हवेत ना बरे व्हायला. बसून हजेरी लावायची तर मी कंपनीतच ऱ्हायलो असतो की." मी देवाला मानत नाही, माणसांना मानते. असा माणूस आपल्या दारात येतो, त्याला काय म्हणायचं?

त्यानंतरच्या आठवड्यात मी देहूरोडला बहिणीकडे गेले होते. यांच्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच. तिने भरली वांगी केली होती आणि मी पहिला घास घेणार तोच त्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, मी तुमच्या दारात उभी आहे. दाराला कुलूप आहे. भाऊ फोन उचलत नाहीत. पेशंट कुठे आहेत?"

मी विचार केला, दवाखान्यात न्यायची वेळ आली असती तर भाऊने आधी मला कळवलं असतं. "अगं, गिरणीत बघ," मी म्हटलं. "गेटबाहेर, रस्ता ओलांडून. तिथल्या घरघराटात फोन ऐकू येत नाही." तोंडाने असं म्हटलं, पण घास ताटात परत ठेवला. आज भाऊची नोकरी जाते की काय, आणि भाऊ गेला की यांचं सगळं पुन्हा भिंतीशी येतं की काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. बहीण माझा हात धरून बसली.

तिचा फोन यायला फार वेळ लागला. आला तेव्हा मागे गिरणीचा आवाज होता आणि ती मोठ्याने बोलत होती.

"मॅडम, गिरणीत नव्हते! पुढे गेले होते, विहाराकडे. मी तिथपर्यंत जाऊन बघून आले. बाकावर बसलेत, चार जणांच्या मधोमध. आणि मॅडम, भांडतायत! युनियनवरून काहीतरी. बोलताना शब्द अडतो, पण बाकीचे थांबत नाहीत आणि हेही सोडत नाहीत. भाऊ शेजारी पाण्याची बाटली धरून उभे आहेत." तिने दम घेतला. "मी लिहिते, 'पेशंटजवळ हजर'. आणि गोल विहारापर्यंत मोठा करून घेते, वरच्यांशी मी बोलेन. भाऊंना कोणी काढत नाही. थांबा हं, इथल्या मावशींना तुमच्याशी बोलायचंय."

गिरणीवालीने फोन घेतला. "ताई, दादा चालत गेल्यात बरं का. खुर्ची हितंच ठिवली, म्हनले लागायची न्हाई. आन् आज दळणाला गर्दी हाय, जागाच न्हाई, म्हनून मी तिच्यावर गिऱ्हाइकांचं डबं रचल्यात. चालंल न्हवं?"

बहीण विचारत होती काय झालं, काय झालं, आणि मी नुसती मान हलवत होते.

"चालेल," मी कशीबशी म्हणाले. "आणखी असतील तर तेही ठेवा."